ताठ साखळ्यांचे सैल होणे : प्रस्तावना

पॉलिइमाइडची २५ मायक्रॉन जाडीची फिल्म पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती अगदी निश्चल वस्तू वाटते. पिवळसर तांबूस रंगाची, आरपार दिसणारी, बोटांत दाबली की कुरकुरणारी. द्रव हेलियमच्या −२६९ अंश सेल्सिअसपासून ४०० अंशांपर्यंत ती काम देते. अपोलो मोहिमांतल्या चंद्रावर उतरणाऱ्या यानांवर ती होती. भारतीय उपग्रहांभोवती जे सोनेरी वेष्टन छायाचित्रांत दिसते, तेही बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या अशाच फिल्मचे असते. जेम्स वेब दुर्बिणीच्या सूर्यकवचाचे पाचही पडदे याच जातीच्या फिल्मचे आहेत.

या फिल्मची एक पट्टी घ्या, दोन्ही टोके पकडून ती एक टक्का ताणा आणि तशीच धरून ठेवा. लांबी बदललेली नाही, तापमान तेच आहे, बाहेरून कोणी काही केलेले नाही. तरी पट्टी ज्या बलाने टोकांना ओढत होती ते बल उतरू लागते. पहिल्या मिनिटात बरेच, पुढच्या तासात थोडे, दिवसभरात आणखी थोडे. यालाच यांत्रिक शिथिलन म्हणतात. बल उतरले याचा अर्थ आत काहीतरी हलले. काय हलले, त्याला हलायला वाव कोणी दिला आणि शेजारचे का हलले नाही, याचे उत्तर रेणूच्या घडणीत असते.

रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान घेऊन पदवीपर्यंत आलेला आणि पुढे कोणत्या वाटेने जावे या विचारात असलेला वाचक मनात धरून हे लिहिले आहे. लिहिताना समोर जयगडचा परिसर ठेवला आहे. शास्त्री नदीच्या मुखावरचे हे गाव किल्ल्यासाठी आणि दीपगृहासाठी ओळखले जायचे. आज तिथे मोठे बंदर आहे, प्रत्येकी ३०० मेगावॅटच्या चार संचांचे औष्णिक वीजकेंद्र आहे आणि तिथून नवी कोयना व कराडकडे ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या सह्याद्री चढून जातात. उष्णता, उच्च विद्युतदाब, खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा हे सारे एका टापूत एकत्र आले आहे. मागच्या डोंगरउतारांवर काजूच्या बागा आहेत, आणि त्यांचाही या विषयाशी थेट संबंध आहे. तो पुढे येईल. पॉलिइमाइड जयगडला तयार होत नाही. पण त्याच्या शिथिलनाविषयीचे कितीतरी प्रश्न इथल्या हवेत आणि इथल्या मातीत उभे आहेत.

शिथिलनाचा अभ्यास बहुवारिकांच्या आधीपासूनचा आहे. जर्मनीत गटिंगेन इथे विल्हेल्म वेबर चुंबकीय उपकरणांत रेशमाचे धागे वापरत असे. धाग्यावर भार टाकला की तो लगेच ताणला जाई आणि नंतरही कित्येक तास कणाकणाने लांबत राही. भार काढला की लगेच आखडे, आणि उरलेले आखडणे सावकाश होई. वेबरने ही निरीक्षणे १८३५ मध्ये मांडली. उपकरणातला हा त्रास म्हणजे पदार्थाचा स्वभाव आहे, हे त्याने ओळखले. पुढे १८६७ मध्ये मॅक्सवेलने शिथिलनकाळाची कल्पना दिली. पदार्थावर पडलेले प्रतिबल ओसरायला लागणारा हा काळ. निरीक्षणाचा अवधी त्याहून खूप लहान असेल तर पदार्थ घन भासतो, खूप मोठा असेल तर तो वाहताना दिसतो. बहुवारिकात असा एक काळ नसतो. मायक्रोसेकंदांपासून वर्षांपर्यंत पसरलेले अनेक काळ एकाच वेळी नांदतात, कारण साखळीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या वेगाने हलतात.

हे काळ वेगळे करून पाहायचे तर पट्टी ताणून वर्षभर बसून राहता येत नाही. म्हणून गतिक यांत्रिक विश्लेषक हे उपकरण वापरतात. फिल्मची अरुंद पट्टी दोन चिमट्यांत धरून तिला सेकंदाला एकदा, अगदी थोडे, मागेपुढे ताणायचे आणि तापमान −१५० अंशांपासून हळूहळू वर न्यायचे. पट्टीला दिलेल्या ऊर्जेपैकी काही ती परत करते. ते मोजणाऱ्या राशीला साठवण मापांक म्हणतात. काही ऊर्जा आतल्या घर्षणात उष्णता होऊन जाते. तिचे माप म्हणजे ऱ्हास मापांक. दुसऱ्याला पहिल्याने भागले की टॅन डेल्टा मिळतो. तापमानासमोर टॅन डेल्टाचा आलेख काढला की त्यात उंचवटे दिसतात. प्रत्येक उंचवटा सांगतो की या तापमानाला रेणूच्या कुठल्यातरी भागाची हालचाल आपल्या सेकंदाच्या ठेक्याशी जुळली. ठेका वाढवला, सेकंदाला दहा किंवा शंभर केला, की उंचवटा जास्त तापमानाकडे सरकतो. किती सरकतो यावरून त्या हालचालीला किती ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो हे कळते.

पॉलिइमाइडच्या आलेखात साधारणपणे तीन उंचवटे असतात. वरून खाली येताना त्यांना अल्फा, बीटा, गॅमा म्हणण्याची प्रथा आहे. रत्नागिरीहून जयगडला येणारी एसटी बाजाराच्या दिवशी ठासून भरलेली असते, तेव्हाची अवस्था आठवा. दाटीत उभ्या माणसाला मनगट वळवता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ही गॅमा. खांदा वळवायचा असेल तर शेजारच्या एकदोघांना थोडे सरकावे लागते. ही बीटा. आणि मागच्या दारापासून पुढे यायचे असेल तर अर्ध्या गाडीने एकदम जागा बदलली पाहिजे. ही अल्फा, म्हणजेच काच-संक्रमण. त्या तापमानाच्या वर साखळ्यांचे मोठे तुकडे एकमेकांच्या सहकार्याने जागा बदलू लागतात आणि फिल्म मऊ पडते.

आता रेणूकडे येऊ. बोगर्ट आणि रेनशॉ यांनी १९०८ मध्ये पहिले पॉलिइमाइड बनवले, पण तेव्हा बहुवारिक म्हणजे लांब साखळी ही कल्पनाच रुळलेली नव्हती. खरा आरंभ १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत झाला. सायरस स्रूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६५ चा शोधनिबंध आजही नव्या माणसाने वाचावा असा आहे. युक्ती दोन पायऱ्यांची होती. पायरोमेलिटिक डायअनहायड्राइड आणि ऑक्सिडायअॅनिलीन, म्हणजे पीएमडीए आणि ओडीए, योग्य द्रावकात एकत्र केले की खोलीच्याच तापमानाला पॉलिअॅमिक आम्लाचा दाट द्रव मिळतो. तो काचेवर पसरायचा आणि टप्प्याटप्प्याने ३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर तापवायचा. पाणी निघून जाते, इमाइडची वलये मिटतात आणि मागे उरते ती कशातही न विरघळणारी, न वितळणारी फिल्म. तिला बाजारात कॅप्टन म्हणतात. फिल्म आधी आकार घेते आणि मग अविद्राव्य होते, हा क्रम सापडला नसता तर हे बहुवारिक प्रयोगशाळेतली भुकटीच राहिले असते.

या साखळीत दोन प्रकारचे तुकडे आळीपाळीने येतात. पीएमडीएपासून आलेला तुकडा सपाट आणि ताठ असतो. मधले बेंझीन वलय आणि त्याच्या दोन्ही बाजूंची इमाइड वलये एकमेकांना चिकटून एकच प्रतल बनवतात. ते आतल्या आत वळू शकत नाही. ओडीएपासून आलेल्या तुकड्यात दोन बेंझीन वलयांच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू असतो. तिथे साखळी वाकते आणि त्याभोवती वलये फिरू शकतात. या शाखेतले लोक त्याला बिजागरी म्हणतात. कॅप्टनचा बीटा उंचवटा खोलीच्या तापमानापासून दोनशे अंशांच्या दरम्यान पसरलेला दिसतो, आणि त्याचे मूळ ओडीएच्या, म्हणजे डायअमाइनच्या, वलयांच्या या मर्यादित फिरण्यात आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. गॅमा शून्याच्या बरीच खाली असते. अल्फा मात्र ४०० अंशांच्या जवळपास, आणि तीही बुजरी. साध्या अस्फटिकी बहुवारिकाचा मापांक काच-संक्रमणाला हजारपट कोसळतो. कॅप्टनचा त्यामानाने फारच कमी उतरतो. साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. तिचा पिवळा रंगही त्याच जवळिकीतून येतो: एका साखळीतला इलेक्ट्रॉन देऊ पाहणारा डायअमाइन तुकडा शेजारच्या साखळीतल्या इलेक्ट्रॉन घेऊ पाहणाऱ्या तुकड्यासमोर येतो आणि त्यांच्यातली देवघेव निळा प्रकाश शोषून घेते.

बिजागरी काढून टाकली तर काय होईल? जपानच्या उबे कंपनीच्या युपिलेक्स-एस या फिल्ममध्ये हे उत्तर पाहायला मिळते. तिच्यात बायफिनाइल डायअनहायड्राइड आणि पॅरा-फिनिलीन डायअमाइन आहे. ऑक्सिजनचा सांधा कुठेच नाही. कॅप्टनचा मापांक अडीच ते तीन गिगापास्कल असतो, तर युपिलेक्स-एसचा ९ गिगापास्कलच्या आसपास. ताठ साखळ्या फिल्मच्या प्रतलात आडव्या पडतात, त्यामुळे तापल्यावर ती कॅप्टनपेक्षा कमी पसरते. तांब्याचा किंवा सिलिकॉनचा थर जिथे फिल्मला चिकटलेला असतो तिथे याला फार महत्त्व असते, कारण दोन थर वेगवेगळे पसरले की सांध्यावर प्रतिबल साठते आणि चकती वाकते. पण तिच्या ताणले जाण्याला मर्यादा आहे. कॅप्टन तुटण्याआधी सत्तर टक्क्यांपर्यंत लांबते; युपिलेक्स-एस त्याच्या बरीच अलीकडे तुटते.

इथे एक आग्रहाचे म्हणणे मांडतो. या विषयात नव्याने आलेला विद्यार्थी ताठरपणाला गुण आणि शिथिलनाला दोष समजतो. जास्त मापांक चांगला, जास्त काच-संक्रमण तापमान चांगले, आलेखात उंचवटे जितके कमी तितके उत्तम, असे त्याला वाटते. हा समज सोडल्याशिवाय विषय उघडत नाही. पॉलिकार्बोनेट पाहा, ज्याची हेल्मेटची पारदर्शक झडप बनते. त्याचे काच-संक्रमण १५० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला ते पूर्णपणे गोठलेले असायला हवे. तरी त्यावर हातोडा बसला तर ते फुटत नाही. −१०० अंशांच्या आसपास त्याचा एक ठळक उंचवटा आहे. तिथपासूनच त्याच्या साखळीत स्थानिक हालचाल सुरू झालेली असते आणि आघाताची ऊर्जा पसरायला वाट मिळते. पॉलिस्टायरीनचे काच-संक्रमण १०० अंशांजवळ, पण असा ठळक उंचवटा नाही, आणि ते टचकन तडकते. हे नाते सर्वत्र इतके सरळ नसते, अपवाद पुष्कळ आहेत. तरीही कणखरपणा पुष्कळदा या लहान हालचालींतून येतो हे खरे. रेणू घडवणाऱ्याचे काम हालचाल बंद करण्याचे नसते. कुठला भाग, कुठल्या तापमानाला, किती हलावा हे ठरवण्याचे असते.

ते ठरवण्याची साधने कोणती? पहिले साधन म्हणजे जोडणीची जागा. बेंझीन वलय साखळीत समोरासमोरच्या जागांनी, म्हणजे पॅरा जोडणीने, बसवले तर ते आपल्याच अक्षाभोवती अर्धा फेरा घेऊ शकते. शेजाऱ्यांना फारसे ढकलावे लागत नाही. तेच वलय मेटा जागांनी जोडले तर फिरताना त्याला मोठी जागा झाडावी लागते, आणि घन अवस्थेत तेवढी मोकळी जागा नसते. म्हणून मेटा जोडणीच्या पॉलिइमाइडमध्ये काच-संक्रमणाखालचे शिथिलन बहुधा दबते. पण साखळी वाकडी झाल्यामुळे काच-संक्रमण तापमानही उतरते. एकाच बदलाने अल्फा खाली आणि बीटा क्षीण, दोन्ही एकदम! अणूंची संख्या तीच, वजन तेच, फक्त जोडणी एक घर सरकलेली. मला या विषयाने प्रथम ओढले ते इथेच, आणि अजूनही विद्यार्थ्यांना मी दोन समघटकांचे आलेख शेजारी ठेवूनच सुरुवात करून देतो.

दुसरे साधन म्हणजे बाजूचे गट. अमेरिकेत अॅक्रॉन विद्यापीठात फ्रँक हॅरिस आणि स्टीफन चेंग यांच्या गटाने १९९०च्या दशकात यावर मोठे काम केले. त्यांनी बेंझिडीन या डायअमाइनच्या दोन वलयांवर सांध्यालगतच्या जागी ट्रायफ्लुओरोमिथाइल गट बसवले. हे दोन गट एकमेकांना अडतात, त्यामुळे वलये एका प्रतलात राहू शकत नाहीत, पिळली जातात. साखळी सरळ आणि ताठच राहते, पण शेजारच्या साखळीशी सपाट चिकटून बसत नाही. परिणामी ताठ असूनही विरघळणारी पॉलिइमाइड मिळाली, आणि पूर्ण इमाइड झालेल्या द्रावणातूनच फिल्म ओतता येऊ लागली. अशा मालिकेत डायअमाइन तोच ठेवून डायअनहायड्राइड बदलत गेले, किंवा उलट, की बीटा कोणाच्या वाट्याची आणि ती किती शेजाऱ्यांना सोबत घेते हे उलगडू लागते. त्यांच्या अभ्यासातून दिसले की दोन्ही तुकड्यांची घडण तिच्यावर परिणाम करते. तुकडा एकटा हलतो असे मानणे सोयीचे असते, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी काय आहेत यावर त्याचा वाव अवलंबून राहतो.

हेच गट साखळ्यांमधली देवघेव तोडतात, म्हणून फिल्मचा पिवळेपणाही कमी होतो. घडी घालता येणाऱ्या मोबाइलच्या पडद्यांसाठी रंगहीन पॉलिइमाइड हवे असते त्यामागे हे रसायन आहे. आणि घडी हजारो वेळा घालायची तर शिथिलन पुन्हा समोर येते: रात्रभर मिटून ठेवलेल्या पडद्याला सकाळी वळी पडते की तो सपाट उघडतो, हे ठरवणारी तीच मोजमापे.

आता पाण्याविषयी, कारण कोकणात बसून या विषयावर लिहायचे आणि पाणी टाळायचे हे शक्य नाही. कॅप्टन ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत आपल्या वजनाच्या सुमारे १.८ टक्के पाणी घेते, आणि हवा पूर्ण संपृक्त असेल तर २.८ टक्क्यांपर्यंत. वरवर हे आकडे क्षुल्लक वाटतात. पण पाण्याचा रेणू लहान आणि हलका आहे; साखळीच्या वजनाशी तुलना करता दीड-दोन टक्के म्हणजे साखळीतल्या दर अडीच-तीन पुनरावर्ती घटकांमागे एक पाण्याचा रेणू होतो. हे रेणू इमाइडच्या कार्बोनिल गटांना हायड्रोजन बंधाने धरून बसतात. कोरड्या फिल्मची आणि ओल्या फिल्मची गॅमा शेजारी ठेवली तर ओल्या फिल्मचा उंचवटा स्पष्ट मोठा दिसतो. म्हणजे जुलैत रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत मोजलेली फिल्म आणि तीच फिल्म मे महिन्यात नाशिकला मोजलेली, यांचे आलेख जुळायचे नाहीत, आणि दोन्ही प्रामाणिकच असतील. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सापेक्ष आर्द्रता महिनोन्‌महिने ८० टक्क्यांच्या वर राहते. इथे काम करणाऱ्याने आर्द्रता हा त्रुटीचा भाग न धरता प्रयोगाचा एक घटक म्हणून नोंदवायला हवा.

पाण्याचा दुसरा परिणाम सावकाशीचा आणि जास्त गंभीर आहे. उष्णता आणि ओलावा एकत्र आले, त्यात क्षारधर्मी रसायनांची भर पडली, की इमाइडचे वलय पुन्हा उघडते आणि साखळी तुटू शकते. १९८०च्या दशकात अमेरिकी नौदलाने आपल्या विमानांत पॉलिइमाइडचे वेष्टन असलेल्या तारा नव्याने वापरणे थांबवले, त्यामागे ओलाव्याने पडणाऱ्या भेगा हे एक प्रमुख कारण होते. दुसरे म्हणजे ठिणगी पडली की वेष्टनाचा कोळसा होऊन तोच विजेची वाट बनणे. ताणलेल्या, वाकवलेल्या तारेत हे आधी घडते. वाकलेल्या जागी प्रतिबल किती उरले आहे हे शिथिलनावर ठरते, आणि भेग कुठे सुरू होईल हे त्या उरलेल्या प्रतिबलावर. जयगडसारख्या ठिकाणी, जिथे समुद्र, वाफ आणि वीज एकत्र आहेत, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मोठ्या जनित्रांचे मुख्य निरोधन अभ्रक आणि इपॉक्सीचे असते. पॉलिइमाइड प्रामुख्याने वापरले जाते ते रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटरी, उच्च तापमानाच्या मोटरींची गुंडाळणी, लवचीक मुद्रित परिपथ आणि संवेदकांच्या वायरिंगमध्ये. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. आता भर पावसात रत्नागिरीतून धावणाऱ्या विजेच्या इंजिनांतल्या मोटरी याच हवेत तापतात आणि निवतात.

काजूकडे आता वळतो. काजूबी भाजताना उडणारे तेल ज्याच्या हातावर पडले आहे, त्याला ते किती उतते हे सांगावे लागत नाही. टरफलाच्या दोन सालींमधल्या जाळीदार थरात हे तेल असते. त्यातले अॅनाकार्डिक आम्ल तापवले की कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डेनॉल होते. कार्डेनॉल म्हणजे फिनॉल, ज्याच्या मेटा जागी पंधरा कार्बनांची लांब शेपटी आहे. शेपटीतले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले की पेंटाडेसिलफिनॉल मिळते. खनिज तेलापासून एवढा व्यवस्थित रेणू बनवायला कितीतरी पायऱ्या लागतील. काजूचे झाड तो फुकट देते, आणि आपण कित्येक ठिकाणी टरफले भट्टीत जाळण्यासाठी वापरतो. या तेलाच्या रेझिनचा ब्रेकच्या अस्तरांत उपयोग होतो हे उद्योगाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकाश वडगावकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रेणूपासून बहुवारिकांचे घटक बनवण्याचे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले. डायअमाइन, बिसफिनॉल, डायअॅसिड असे अनेक घटक त्यांनी पेंटाडेसिल शेपटीसकट तयार केले आणि त्यांपासून पॉलिइमाइड, पॉलिअमाइड-इमाइड अशा मालिका घडवल्या. परिणाम असा, की ताठ अॅरोमॅटिक साखळीला बाजूने लोंबणाऱ्या लवचीक शेपट्या मिळाल्या. साखळ्या दूर सरल्या, बहुवारिक नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत विरघळू लागले, काच-संक्रमण तापमान उतरले. विघटनाचे तापमान मात्र बरेच वर राहिले. या दोन तापमानांमधले अंतर म्हणजे प्रक्रियेला मिळालेली मोकळीक.

शिथिलनाच्या दृष्टीने हा रेणू फार बोलका आहे. शेपटी इथे दोन कामे एकदम करते. एकीकडे ती मुख्य साखळीच्या अल्फाला आतून वंगण देते. दुसरीकडे ती स्वतः हलते: सलग मिथिलीन गटांची हालचाल पॉलिएथिलीनमध्ये −१०० अंशांच्याही खाली चालू असते, तर अशा शेपट्यांकडूनही थंड बाजूला स्वतःच्या उंचवट्याची अपेक्षा धरता येते. शेपट्या एकमेकींत गुंतून थर करतात का, तसे झाले तर बीटावर काय परिणाम होतो, शेपटीचे तेलकट आवरण पाण्याला कार्बोनिलपासून दूर ठेवते का आणि म्हणून ओल्या हवेतली गॅमा लहान होते का, यातला प्रत्येक प्रश्न प्रबंधाच्या योग्यतेचा आहे. कच्चा माल रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, चाचणीची हवा जयगडात, आणि रसायन पुण्यात आधीच घडवलेले, अशी संधी दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला मिळेल?

मराठी मुलखात या अभ्यासाची परंपरा लहान नाही. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर मुंबईत रासायनिक अभियांत्रिकी शिकले आणि पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत त्यांनी बहुवारिकांच्या प्रवाहशास्त्राचा पाया रचला. पुढे आशिष लेले यांच्यासारख्यांनी ते काम वाढवले. प्रवाहशास्त्र आणि शिथिलन हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत: वितळलेल्या साखळीला मिलिसेकंदांत जे जमते तेच काचेत गोठलेली साखळी वर्षांनी करते. जिल्ह्यातच रनपारला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा कारखाना १९९०च्या दशकापासून आहे. पॉलिइमाइडला हात घालण्याआधी पीव्हीसीवर हात बसवावा असे मी आवर्जून सुचवतो. ते स्वस्त आहे, काच-संक्रमण ८० अंशांच्या आसपास, आणि शून्याखाली एक रुंद बीटा उंचवटा. त्यात थोडे मऊकारक घातले तर अल्फा खाली येते, पण बीटा दबते आणि पदार्थ आधी मऊ व्हायच्या ऐवजी ठिसूळ होतो. प्रमाण वाढवले की मग मऊ. हा उलटा वाटणारा अनुभव स्वतः घेतला की पाण्याने, शेपटीने, बिजागरीने पॉलिइमाइडमध्ये काय होत असेल हे समजायला मदत होते.

गणिताची भीती बाळगू नये. अर्हेनियसचे समीकरण, मॅक्सवेलचे प्रतिमान आणि बोल्ट्झमनचे अध्यारोपण एवढ्यावर पहिले वर्ष निघते. वेळ अधिक द्यावा लागतो तो नमुन्याला. फिल्म कोणत्या द्रावकातून ओतली, किती अंशांवर किती वेळ भाजली, ती काचेवर चिकटलेली असताना आखडली की मोकळी, यावर साखळ्यांची मांडणी ठरते, आणि एकाच रेणूच्या दोन फिल्म दोन निराळे आलेख देतात. मागे राहिलेला एक टक्का द्रावकही बीटाचे सोंग घेऊ शकतो. पट्टी कापताना कडेला बारीक भेग राहिली तर वरच्या तापमानाला ती तिथूनच फाटते. म्हणून नव्या पात्याने, एकाच दाबात, फिल्म ओतल्याच्या दिशेची खूण करून कापावी.

पहिला प्रयोग साधा ठेवावा. कॅप्टनच्या एकाच तुकड्यातून दोन पट्ट्या कापा. एक निर्वात भट्टीत १५० अंशांवर रात्रभर सुकवा, दुसरी पावसाळी हवेत उघडी ठेवा. दोन्हींचे वजन प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर शतांश मिलिग्रॅमपर्यंत नोंदवा. −१५० अंशांपासून ३०० अंशांपर्यंत सेकंदाला एक आणि दहा अशा दोन वारंवारतांवर दोन्ही मोजा, आणि चारही आलेख एकाच कागदावर काढा. शून्याखालच्या बाजूला दोन पट्ट्यांत जो फरक दिसेल, तो वजनातल्या फरकाशी ताडून पाहा.